आईला विचारावयाचे वीस प्रश्न



ज्या शाळेच्या बालवर्गात मी पाटीवर पहिला ‘श्री’ गिरवला, त्याच शाळेच्या सभागृहात उभे राहून बोलावयाचे म्हणजे जीभ थोडी अडखळतेच. त्यातून हे व्याख्यान बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ. बाईंसमोर उभे राहून बोलताना मी लहानपणी नेहमी परकराचे टोक चुरगाळीत असे. आज परकर नाही, म्हणून हातात हे कागद धरले आहेत.

या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, साहित्य, संगीत असे विषय झाले. यंदा विश्वस्तांनी एका बालरोगतज्ज्ञाला बोलावले आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली. मी विषय निवडला तो बाईंच्या वर्गातील एका मुलामुळे. माझ्या वयाच्या काहींना तो आठवत असेल. तो कोणाशी बोलत नसे. डब्याची झाकणे जमवून ती तो फरशीवर गरगर फिरवी आणि कान फरशीला लावून ऐकत बसे. शाळेची घंटा त्याला सोसत नसे. घंटा होण्याच्या दोन मिनिटे आधी बाई त्याला मागच्या अंगणात नेऊन उभे करीत. आम्हा मुलांना वाटे, हा बाईंचा लाडका. त्याला काय झाले आहे याला त्या काळी आपल्या गावात नाव नव्हते. आज आपण त्याला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतो.

स्वमग्न मूल लवकर, म्हणजे दीड-दोन वर्षांच्या वयात, ओळखता येते काय, आणि त्यासाठी आईवडिलांना काही ठराविक प्रश्न विचारणे कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. स्वमग्नतेची कारणे, तिच्यावरील उपचारांची सर्व मतमतांतरे यांत मी शिरणार नाही. त्यासाठी दुसरे व्याख्यान लागेल आणि दुसरा वक्ताही.

आधी माझी एक चूक सांगते. 1993 साली माझा दवाखाना सुरू होऊन चारच वर्षे झाली होती. एक आई बावीस महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. बरोबर सासूबाई होत्या. आई म्हणाली, “हा मला आई म्हणत नाही. पाणी हवे असले की माझे मनगट धरून नळापाशी नेतो, पण माझ्याकडे बघत नाही. जणू हात तेवढा माझा, मी नाहीच.” सासूबाई लगेच म्हणाल्या, “याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता कोर्टात बोलतो.” मी मुलाचे वजन केले, डोक्याचा घेर मोजला, मूल सुदृढ होते. मी म्हणाले, “मुलगे जरा उशिरा बोलतात. शिवाय तुमच्या घरात मराठी, शेजारी गुजराती, मूल गोंधळते. वाट पाहा.”

त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होऊन गेला होता आणि दोन शाळांनी त्याला परत पाठविले होते. या वेळी त्या एकट्या आल्या. त्यांच्या पिशवीत दोनशे पानी वही होती. मूल दीड वर्षाचे असल्यापासून त्यांनी तारखा घालून लिहिले होते: आज हाक मारली, वळला नाही, चॉकलेटचा कागद वाजला, दुसऱ्या खोलीतून धावत आला, आज चांदोबा दाखविला, माझ्या बोटाकडेच बघत राहिला. ती वही मी रात्री घरी नेऊन वाचली. आज ज्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात त्यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे तीत होती. तिला कोणी प्रश्न विचारला नव्हता, एवढेच. माझ्या त्या एका ‘वाट पाहा’ने तिची तीन वर्षे गेली.

स्वमग्नतेच्या इतिहासाचा आरंभही अशाच एका लिखाणाने झाला, हे मला पुष्कळ नंतर कळले. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावातील एका वकिलाने 1938 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पत्र लिहिले. पत्र तेहतीस पानांचे होते आणि त्यात स्वतःच्या डोनाल्ड नावाच्या मुलाचे बारीकसारीक वर्णन होते. कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात पहिले मूल हाच डोनाल्ड, आणि त्याच्याविषयीचा बराच मजकूर बापाच्या पत्रातून उचललेला. तो डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर प्रवास केला आणि 2023 साली वृद्धापकाळी वारला. म्हणजे या दुखण्याचे पहिले निरीक्षण डॉक्टरचे नव्हे, बापाचे होते.

असे असूनही पुढची वीस-पंचवीस वर्षे याच आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. आईची माया थंड, म्हणून मूल आत मिटून जाते, असा सिद्धान्त निघाला. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या 1967 सालच्या पुस्तकाने तो घरोघर नेला. आपल्याकडेही त्याचे पडसाद उमटले. ‘नोकरी करणारी आई’ हा आरोप मी माझ्या दवाखान्यात अगदी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे. हल्ली तिची जागा मोबाइलने घेतली आहे. लहान मुलाच्या हातात मोबाइल देऊ नये याबद्दल माझे मत कडक आहे. पण मोबाइलमुळे स्वमग्नता होते हे सिद्ध झालेले नाही. लसीमुळे होते, हे तर तपासून खोटे ठरले आहे. ज्या 1998 सालच्या निबंधाने ती अफवा उठविली, तो त्या नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला.

आईवरचा तो आरोप मोडून काढण्यात मोठा वाटा बर्नार्ड रिमलंड यांचा. ते अमेरिकन नौदलातील मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. 1964 साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतून येते असे प्रतिपादन केले आणि पुस्तकाला एक प्रश्नावली जोडली. निरनिराळ्या गावांतल्या आईबापांनी ती भरून त्यांना टपालाने पाठविली. ज्यांना कालपर्यंत गुन्हेगार म्हटले जात होते, त्यांनाच साक्षीदार म्हणून बोलावणे आले. आईबापांना विचारण्याच्या या पद्धतीचे मूळ मला तेथे दिसते.

आता लहान वयाकडे येते. 1992 साली इंग्लंडमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा महिन्यांच्या मुलांसाठी एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात नऊ प्रश्न आईसाठी होते आणि पाच गोष्टी घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेने स्वतः पाहावयाच्या होत्या. पाहावयाचे ते अगदी साधे. खेळण्यातली किटली आणि कप मुलापुढे ठेवून म्हणावयाचे, चहा कर बघू. खोलीच्या पलीकडच्या टोकाला बोट करून म्हणावयाचे, ते बघ! मूल त्या दिशेला वळून पाहते का, ते पाहावयाचे. मग विचारावयाचे, दिवा कुठे आहे? आणि मूल बोट करते का, हे पाहावयाचे.

सगळा डोलारा या ‘बोट करण्या’वर उभा आहे, म्हणून येथे थोडे थांबते. मूल बोट दोन कारणांनी करते. फळीवरचा बिस्किटांचा डबा हवा असतो म्हणून ते बोट करते. हे मागण्याचे बोट. अंगणात कावळा उतरतो, मूल बोट करते, मग वळून आईच्या तोंडाकडे बघते आणि पुन्हा कावळ्याकडे. त्याला कावळा नको असतो. आपण पाहिले ते आईनेही पाहावे, एवढेच त्याला हवे असते. हे दाखविण्याचे बोट. बहुतेक मुलांत ते वर्षाच्या आसपास उगवते आणि दीड वर्षापर्यंत चांगले रुळते. स्वमग्न मुलात मागण्याचे बोट कधी असते, कधी त्याऐवजी आईचे मनगटच ओढले जाते. पण दाखविण्याचे बोट उशिरा येते किंवा येतच नाही. शब्दांच्या फार आधी हा व्यवहार सुरू व्हावयाचा असतो. आपल्या घरांत तो रोज घडतो. मूल कडेवर घेऊन चांदोबा दाखविणे, भरविताना काऊ-चिऊ दाखविणे, देवघरात बाप्पा कुठे म्हणून विचारणे, यांत आपल्या आज्यांनी नकळत हीच परीक्षा शतकानुशतके घेतली. फक्त निकाल कोणी लिहून ठेवला नाही.

दुसरी गोष्ट लटक्या खेळाची. रिकाम्या वाटीतून चहा पिण्याचे सोंग, बाहुलीला जोजविणे, काडेपेटीची मोटार. भातुकलीच्या भांड्यांशी मूल भातुकली खेळते, की ती एका रांगेत लावते, की नुसती चाके फिरवीत बसते? खेळणी घरात नसतील तरी चालते. मी गरिबाघरच्या मुलाला लाटणे घोडा म्हणून चालविताना पाहिले आहे आणि श्रीमंताघरी तीनशे मोटारींमध्ये बसून एकीचेच चाक तासभर फिरविणारा मुलगाही.

या इंग्रजी चाचणीचे पुढे काय झाले? 1996 साली तिचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. आग्नेय इंग्लंडमधील सोळा हजारांहून अधिक मुले तपासली गेली. मुख्य तिन्ही गोष्टींत पुन्हा पुन्हा नापास झालेली मुले निघाली अवघी बारा, आणि त्यांतील दहा खरोखरच स्वमग्न ठरली. वाचून वाटावे, काय अचूक नेम! परंतु त्याच मुलांचा सहा वर्षे पाठपुरावा करून 2000 साली जे प्रसिद्ध झाले, ते विनम्र करणारे होते. पुढे स्वमग्न ठरलेल्या दर शंभर मुलांमागे अठरा महिन्यांच्या वयात या चाचणीने धरली होती फक्त 38. बाकीची चाळणीतून खाली गेली. भोके फार मोठी होती.

अमेरिकेत घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकेची तशी व्यवस्था नाही. तेथे डायना रॉबिन्स, डेबोरा फाइन आणि मेरिअन बार्टन यांनी 2001 साली निरीक्षणाचा भाग काढून टाकला आणि आईवडिलांनी दवाखान्यात बसल्या बसल्या भरावयाचे तेवीस प्रश्नांचे पत्रक केले. पुढे त्यात सुधारणा होऊन वीस प्रश्न राहिले. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ते आहे. उत्तर फक्त हो किंवा नाही. सतरा प्रश्नांत ‘नाही’ हे चिंतेचे उत्तर, आणि तीन प्रश्नांत ‘हो’ हे चिंतेचे. मूल बहिरे असावे अशी शंका कधी आली का, ते डोळ्यांजवळ बोटे विचित्र तऱ्हेने हलविते का, आणि रोजच्या आवाजांनी ते बिथरते का, हे ते तीन. आवाजाचे उदाहरण मूळ पत्रकात झाडलोटीच्या यंत्राचे आहे. आपल्याकडे मी कुकरची शिट्टी आणि मिक्सर यांविषयी विचारते.

गुणांची रीत अशी. चिंतेची उत्तरे दोन किंवा कमी असली तर तूर्त काळजी नाही. आठ किंवा अधिक असली तर थेट तज्ज्ञाकडे. तीन ते सात असली तर लगेच काही ठरवावयाचे नाही. ज्या प्रश्नांवर शंका आली ते पुन्हा, उदाहरणे मागून, सावकाश विचारावयाचे. या दुसऱ्या फेरीला मी पाखडणे म्हणते. चाळणीने एकदा चाळले, आता सुपात घेऊन पाखडावयाचे. पुष्कळ दवाखान्यांत, आपल्याकडे आणि परदेशातही, चाळतात आणि पाखडीत नाहीत. तेथे सारे बिघडते.

का बिघडते, ते थोड्या हिशेबाने सांगते. गणिताच्या सरांनी माफ करावे, आकडे सोयीचे घेतले आहेत. समजा हजार मुले आहेत आणि त्यांत दहा स्वमग्न आहेत. समजा आपली प्रश्नावली चांगली आहे. ती दहांपैकी आठ धरते आणि निरोगी शंभरांपैकी पाचांनाच चुकून धरते. आता निरोगी मुले नऊशे नव्वद, त्यांच्या शंभरास पाच म्हणजे सुमारे पन्नास. एकूण धरली गेली अठ्ठावन्न, त्यांत खरी आठ. पन्नास आयांची झोप उडाली. आणि दोन आया निर्धास्त घरी गेल्या, ज्यांनी जावयास नको होते. चाचणी वाईट नाही. शोधावयाची वस्तू विरळ असली की असेच होते. पाखडल्यावर काय होते ते 2014 साली सोळा हजारांवर मुलांच्या अभ्यासात दिसले. दोन्ही फेऱ्यांत शंका कायम राहिलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी, नेमके सांगावयाचे तर 47.5 टक्के, स्वमग्न ठरली. आणि सुमारे 95 टक्के मुलांत वाढीचा काही ना काही प्रश्न होताच. म्हणजे त्या आयांची झोप अगदीच फुकट गेली नाही.

याच्या उलट चित्रही सांगितले पाहिजे. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाच्या दवाखान्यांतून नेहमीच्या गर्दीत, नेहमीच्या डॉक्टरांनी ही प्रश्नावली वापरली. सुमारे सव्वीस हजार मुलांचा हिशेब 2019 साली प्रसिद्ध झाला. पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून कमी मुलांना प्रश्नावलीने धरले होते, आणि धरलेल्यांपैकी स्वमग्न निघाली ती सुमारे पंधरा टक्के. प्रयोगातली चाळणी आणि रोजच्या स्वयंपाकघरातली चाळणी यांत एवढे अंतर असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात सर्व मुलांना चाळावे म्हणते. तेथीलच सरकारपुरस्कृत तज्ज्ञमंडळाने 2016 साली म्हटले की, ज्या मुलांविषयी कोणालाच शंका नाही त्यांना सरसकट चाळावे की नाही हे ठरविण्यापुरता पुरावा नाही. दोन्ही पक्षांची माणसे शहाणी आहेत. मी स्वतः चाळण्याच्या बाजूची आहे. कारण आपल्याकडे ‘कोणालाच शंका नाही’ हे सहसा खरे नसते. शंका असते आणि ती बोलू दिली जात नाही.

हा मुद्दा मला थोडा विस्ताराने मांडू द्या. प्रश्न कागदावर एक असतो आणि घरात पोचेपर्यंत दुसरा होतो. सासूबाईंसमोर सुनेला विचारले, मूल हाकेला वळते का, तर उत्तर ‘हो’ येते. सासूबाई बाहेर गेल्यावर तेच उत्तर ‘कधी कधी’ होते आणि थोड्या वेळाने ‘नाही’. म्हणून मी आता आईला एकटीलाच विचारते, नंतर वडिलांना वेगळे, आणि आजी घरात सांभाळीत असेल तर आजीलाही. तिघांची उत्तरे जुळली नाहीत की मला आनंद होतो. माहिती तेथेच असते. एकदा एक आजोबा आले, म्हणाले, “डॉक्टर, हे दोघे नोकरीवर जातात, मी दिवसभर नातवाबरोबर असतो. मला विचारा.” त्यांची उत्तरे सर्वांत अचूक निघाली.

‘कधी कधी’ची अडचण मोठी. पत्रकाच्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे की एखादी गोष्ट मुलाने थोड्या वेळा केली असेल पण सहसा करीत नसेल, तर उत्तर ‘नाही’ द्यावे. आपली आई नेमके उलटे करते. आठ महिन्यांत एकदा त्याने टाटा केला, तो दिवस तिला सणासारखा आठवतो, आणि ती ‘हो’ लिहिते. तिला खोटारडी कोण म्हणेल? म्हणून मी विचारते, “काल केला का? परवा?” एवढ्याने उत्तर सुधारते.

भाषांतराचेही तसेच. ‘बोट दाखवतो का’ असे एका भगिनीला विचारले तर त्या रागावून म्हणाल्या, “आमचा मुलगा कोणाला बोट दाखवीत नाही, सरळ आहे.” आपल्या भाषेत बोट दाखविणे म्हणजे दोष देणेही होते, हे मी विसरले होते. नजरेला नजर देण्याचा प्रश्नही जपून विचारावा लागतो. पण दीड वर्षाच्या पोराला कोणी डोळे खाली ठेवावयास शिकवीत नाही, म्हणून त्या वयात तरी संस्कृतीची सबब चालू नये असे मला वाटते.

आणि दोन भाषांची सबब तर मुळीच नको. बडोद्यातल्या मराठी घरात मूल मराठी, गुजराती, हिंदी आणि आता इंग्रजी अशा चार भाषांत लोळते. त्याने स्वमग्नता होत नाही. दोन भाषांत वाढणारे मूल दोहोंतले मिळून शब्द मोजले तर मागे नसते. आणि ज्या मुलाला खरी अडचण आहे ते दोन्ही भाषांत अडते. एवढेच काय, बोट करावयास कोणतीच भाषा लागत नाही. मी 1993 साली तेच चुकीचे वाक्य बोलले, म्हणून हे आज मोठ्याने सांगते. अशा मुलाशी मराठी बोलणे बंद करा, एकच भाषा ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आजीशी बोलण्याची भाषा काढून घेतली तर त्या मुलाकडे उरते काय?

काही गोष्टी वेगाने सांगून पुढे जाते. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाचे कान प्रथम तपासावेत. काही मुले सव्वा-दीड वर्षापर्यंत शब्द बोलतात आणि मग ते शब्द हरवतात. तेथे प्रश्नावली भरीत बसू नये, लगेच तज्ज्ञाकडे जावे. अठराव्या महिन्यात निर्धोक ठरलेल्या मुलाला चोविसाव्यात पुन्हा विचारावे. मुलींकडे अधिक बारकाईने पाहावे. मुलगी गप्प असली की घरात तिचे कौतुक होते, आणि त्या कौतुकाखाली बरेच काही झाकले जाते.

या विषयात आपल्या गावाचे एक ऋण आहे, ते बडोद्याच्या श्रोत्यांपुढे सांगितलेच पाहिजे. भारतीय बाळ किती महिन्यांचे झाल्यावर मान धरते, बसते, शब्द बोलते याचे भारतीय मापदंड आपल्याच महाराज सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी तयार केले. बेली यांच्या अमेरिकन मापनश्रेणीला त्यांनी येथील मुलांच्या अंगाला बेतले. तिची सुधारित आवृत्ती 1997 साली निघाली आणि ती देशभर वापरली गेली. त्यातूनच निवडक गोष्टी घेऊन 1991 साली ‘बडोदा’ नावाचीच एक छोटी चाळणी परीक्षा तयार झाली. केरळात त्याच वर्षी निघालेल्या सतरा मुद्द्यांच्या तक्त्यामागेही बडोद्याचेच मापदंड होते. वाढ मोजावयाची तर ती आपल्या मुलांच्या पट्टीने, हा धडा येथे गिरविला गेला.

स्वमग्नतेसाठी भारतीय पट्टी पुढे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केली. ती चाळीस मुद्द्यांची आहे आणि 2016 पासून अपंगत्वाचा दाखला देताना ती वापरली जाऊ लागली. त्याच वर्षीच्या कायद्याने स्वमग्नतेला एकवीस अपंगत्वांत स्वतंत्र जागा मिळाली. 1995 च्या कायद्यात ती नव्हती. तिच्याआधी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव आले, ते मुख्यतः पालकांच्या रेट्याने. 2013 च्या फेब्रुवारीत पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळा यांतून मुले तपासण्याची तरतूद आहे आणि तपासावयाच्या गोष्टींत स्वमग्नताही आहे. कागद चांगला आहे. एका पथकाला एका दिवसात किती मुले पाहावी लागतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी अधिक काय सांगावे?

मग कोणी विचारील, धरून तरी पुढे काय? तज्ज्ञ शहरात, पाळी सहा महिन्यांनी, खर्च न झेपणारा. ही शंका रास्त आहे. चाळून झाल्यावर द्यावयास काहीच नसेल तर चाळण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मलाही वाटते. पण द्यावयास काहीच नाही असे आता म्हणता येत नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी या दोन ठिकाणी मिळून पासष्ट मुलांवर एक प्रयोग झाला; तो 2016 साली प्रसिद्ध झाला. गोव्यातील काम ‘संगत’ या संस्थेने केले. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्या पंधरवड्याला एकदा घरी जात. आई आणि मूल खेळत असताना थोडे चित्रण करीत आणि तेच आईला दाखवून म्हणत, पाहा, येथे त्याने तुमच्याकडे पाहिले, येथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने आवाज केला. आठ महिन्यांनी त्या आया मुलाच्या कलाने अधिक वागू लागल्या आणि मुले आपणहून संवाद अधिक सुरू करू लागली. हा चमत्कार नव्हे. मुले ‘बरी’ झाली असे कोणी म्हटले नाही. पण आईच्या हातात काही आले, ते आईच्याच भाषेत आले, आणि त्यासाठी मुंबईला जावे लागले नाही.

शेवटी आपल्या बालवर्गाविषयी. प्रश्नावली तीस महिन्यांपर्यंतची आहे आणि आपल्याकडे मूल येते ते तीन वर्षे पुरी झाल्यावर. म्हणून ती जशीच्या तशी येथे वापरू नये. परंतु प्रवेशअर्जात आपण बापाचा पगार विचारतो, आईचे शिक्षण विचारतो. त्याजागी चार गोष्टी विचारता येतील: मूल हाकेला वळते का, नवी वस्तू आणून दाखविते का, दुसऱ्या मुलांकडे कुतूहलाने पाहते का, बोललेले शब्द कधी हरवले का. मात्र एक अट घालते आणि ती विश्वस्तांनी लिहून घ्यावी. या उत्तरांचा उपयोग प्रवेश नाकारण्यासाठी होता कामा नये. तसे एकदा झाले की दुसऱ्या वर्षी प्रत्येक आई चारही प्रश्नांना ‘हो’ लिहील, आणि ती बरोबरच करील. ज्या दोन शाळांनी माझ्या त्या छोट्या रुग्णाला परत पाठविले, त्यांच्या अर्जातही आईने सगळे खरे लिहिले होते.

तो मुलगा आता तिशी ओलांडून गेला आहे. काकाच्या छापखान्यात कागद मोजून गठ्ठे बांधतो. पाचशेच्या गठ्ठ्यात चारशे नव्याण्णव कधी येत नाहीत. बोलतो थोडे, मराठीत आणि गुजरातीतही. छपाईयंत्र सुरू होण्याआधी कोणीतरी त्याला खूण करते आणि तो बाहेर जाऊन उभा राहतो. त्याच्या आईने आज येथे येण्याचे कबूल केले होते आणि त्या आल्या आहेत. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. ती वही त्यांनी मला आजच्यापुरती दिली आहे. बालवर्गाच्या शिक्षिकांपैकी ज्यांना ती पाहावयाची असेल त्यांनी व्याख्यानानंतर पुढे यावे; वही हातची आहे, पाने जपून उलटावीत.